पंचवटीतलं बिनपाटीचं सलून: कटिंग झकास, वेळ काढून जा

दुकानावर नाव नाही. आत मात्र एक पाटी आहे, ‘येथे राजकारणावर बोलू नये’. आणीबाणीत मालकाच्या वडिलांनी लावली, 1977 ला उतरवायची राहून गेली.

कटिंग 120, दाढी 70. ब्लेड दर गिऱ्हाइकाला नवं, समोर पुडी फाडून. तुरटीचा खडा मात्र सगळ्यांना एकच. मी हातानेच नको म्हणतो.

खुर्च्या दोन. एकीवर मालक, दुसरीवर त्याचा पोरगा. परवा बाकावर चौऱ्याऐंशीचे एक आजोबा होते. ते 21 चे, म्हणजे तेव्हाच्या मतदानाच्या वयाचे झाले आणि नाशिकला पोटनिवडणूक लागली. पण चीनच्या युद्धानंतर संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण बिनविरोध निवडून आले, मतदान झालंच नाही. आजोबांना त्याचं अजून कौतुक. “विरोधकांनी उमेदवारच दिला नाही, काय ती माणसं!” मालक कैची थांबवून म्हणाला, “आप्पा, बिनविरोध म्हटलं की मला घाम फुटतो.” त्याचं पहिलं मत 1977 चं. नाशिकमधून शेतकरी कामगार पक्षाचे विठ्ठलराव हांडे निवडून आले, ते तो आपण स्वतःच निवडून आणल्यासारखं सांगतो.

माझं पहिलं मत 1989 चं. मतदानाचं वय 21 वरून 18 वर आलं, म्हणून मी आणि दोन वर्षांनी थोरला भाऊ एकाच दिवशी पहिल्यांदा मत द्यायला गेलो. तोंडात शब्द एकच, बोफोर्स, तोफांच्या खरेदीतली दलाली. आजही सरकार कुठलंही असो, मला आधी खरेदीतलं कमिशन दिसतं.

पोरगा मशीन फिरवत गप्प होता. त्याची सासुरवाडी निफाडची. शेवटी म्हणाला, “काका, डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा सासरे चाळीत कांदा घेऊन बसले होते. तुमचं बोफोर्स राहू द्या.” मे 2024 मध्ये त्याने तेवढंच डोक्यात ठेवून बटण दाबलं. आजोबांनी “हल्लीची पोरं” एवढंच म्हटलं. खरं सांगायचं तर मला पोराचंच पटलं, पण मालकाच्या हातात वस्तरा असल्याने मान हलवली नाही.

या नादात माझी एक बाजू साबण लावून वीस मिनिटं तशीच राहिली. तक्रार एवढीच. कल्ले मात्र दोन्हीकडे अगदी सारखे. फॅन एकच, तोही मालकाच्या खुर्चीवर.

रविवारी चुकूनही जाऊ नका. वार पाळत नसाल तर शनिवारी जा, बाक रिकामं असतं.