हरळी, लव्हाळा, कुंदा: भाजीच्या रानात नांगरट, कागद, खुरपं की औषध?

वांग्याच्या सरीत खुरपणी होऊन आठवडा होतो न होतो, तोच लव्हाळ्याचे कोंब बोटभर वर आलेले असतात. खुरपं वरचा पाला कापतं, खालचा साठा तसाच राहतो. म्हणून उपाय निवडण्याआधी दोन गोष्टी पाहा. रानात नेमकं तण कोणतं आहे? आणि एप्रिल-मे हे दोन महिने ते रान रिकामं ठेवता येईल का? सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो. रान रिकामं असेल, तर निम्मं काम ऊन करतं.

ओळख अवघड नाही. दांडा चिमटीत धरून फिरवा. तीन धारा बोटांना लागल्या तर तो लव्हाळा, म्हणजे नागरमोथा. उपटायला गेलं की बारीक धागा तुटून हातात येतो आणि काळी गाठ जमिनीतच राहते. अशा गाठी माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि बहुतेक सगळ्या वरच्या वीतभर मातीत असतात. हरळी वर पसरते, पेऱ्यापेऱ्याला मूळ धरते आणि खाली पांढऱ्या टोकदार काशा, म्हणजे जमिनीतली आडवी खोडं, सोडते. भारी काळ्या रानात भेगांमधून या काशा हातभर खाली जातात. कुंदा हेही भारी रानातलंच गवत, पण त्याच्या काशा जास्त जाड आणि जास्त खोल. हरणखुरीचा वेल यांत सगळ्यात चिवट. त्याचं मूळ नांगराच्या कितीतरी खाली असतं, त्यामुळे तो उगवेल तसा कापत राहण्याखेरीज खात्रीचा उपाय नाही.

उन्हाळी नांगरट

अर्धा एकर किंवा त्याहून मोठं रान असेल, तर आमची पहिली पसंती हीच. रब्बीचा कांदा किंवा ज्वारी निघाली की पलटी नांगराने 20 ते 25 सेंमी खोल नांगरट करा आणि ढेकळं मोठीच राहू द्या. भाजीवाल्याला बारीक माती पाहायची सवय असते, पण इथे तीच घातक ठरते. मोठ्या ढेकळात अडकलेली काशी आणि गाठ वाळते, भुसभुशीत मातीत ती गारव्याला राहते. दोन आठवड्यांनी आडवी नांगरट करा, मग कुळवाची (माती वरवर हलवणाऱ्या अवजाराची) पाळी घालून दाताळ्याने काशा गोळा करा. काशी मोडल्यावर काडीसारखी कट्कन तुटली तर ती मेली. वाकली तर तिच्यात जीव आहे, अजून ऊन द्या.

या पद्धतीत दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे रोटाव्हेटर. हरळीच्या एका काशीचे तो दहा तुकडे करतो आणि पेरं असलेला प्रत्येक तुकडा उगवू शकतो. लव्हाळ्याची माळ तुटली की शेंड्याच्या गाठीमुळे झोपून राहिलेल्या बाकीच्या गाठीही जाग्या होतात. काशा वेचून होईपर्यंत रोटाव्हेटर रानात घालूच नका. दुसरी चूक वळवाच्या पावसाची. मे महिन्यात एक सर येते, ओल मिळते आणि अर्धमेल्या गाठी फुटतात. सर पडून वाफसा आला, म्हणजे चिखल जाऊन माती काम करण्याजोगी ओलसर झाली, की लगेच कुळव फिरवायला हवा. दहा दिवस गेले की महिन्याची मेहनत वाया.

हरळीसाठी ही पद्धत उत्तम. लव्हाळ्यावर ती बरी चालते. कुंद्याला मात्र एवढी खोली पुरत नाही. त्याचे चट्टे दिसतात तिथे टिकावाने खणून काशा काढाव्याच लागतात. वेचलेल्या काशा बांधावर किंवा उकिरड्यावर टाकू नका, पुढच्या शेणखतातून त्याच परत येतात. मुरमाड रस्त्यावर किंवा पत्र्यावर कडकडीत वाळवा.

पारदर्शक कागद की काळा?

गुंठा-दोन गुंठ्यांची परसबाग किंवा रोपवाटिकेची जागा असेल, तर माती उन्हाने तापवायला प्लास्टिकचा कागद परवडतो. पारदर्शक, 25 मायक्रॉनचा, एका गुंठ्याला साधारण पावणेतीन किलो लागतो (कडा गाडायचा भाग धरून). एकराला हेच शंभर किलोच्या वर जातं, म्हणून मोठ्या रानाला आम्ही तो सुचवत नाही.

आधी रान सपाट करा, धसकटं आणि खडे वेचा, मग भरपूर पाणी द्या. ओली माती उष्णता खोलवर नेते, शिवाय ओलीमुळे गाठी फुटतात आणि फुटलेली गाठ लवकर मरते. वाफसा येताच कागद मातीला चिकटून अंथरा आणि चारही कडा वीतभर चरात गाडा. कागद मातीपासून उचललेला राहिला की उष्णता कमी पोहोचते. भोक पडलं तर त्याच दिवशी चिकटपट्टी लावा. एप्रिलच्या मध्यापासून सहा आठवडे तो हलवू नका. नंतर मात्र खोल नांगरट करायची नाही, नाहीतर खालच्या जिवंत गाठी आणि बिया वर येतात. वरवर वाफे ओढा आणि लावण करा.

लव्हाळ्याच्या बाबतीत दोन कागदांत मोठा फरक आहे, तो सरीत वाकून पाहिला की कळतो. काळ्या किंवा चंदेरी-काळ्या मल्चिंग पेपरखाली अंधार असतो. कोंब भाल्यासारखा मिटलेलाच वाढत राहतो आणि टोक कागदाला भोसकून बाहेर काढतो. पारदर्शक कागदाखाली त्याला उजेड लागतो, पानं तिथेच उलगडतात आणि कागदाला टेकून करपतात. म्हणून टोमॅटो-मिरचीला मल्चिंग करणाराने आधी लव्हाळा निपटावा. पेपर हरळीला आणि बियांपासून येणाऱ्या तणांना दाबतो, लव्हाळ्याला नाही. पारदर्शक कागदानेही खोलवरच्या गाठी वाचतात, हे धरून चाला.

रान रिकामं राहत नसेल तर खुरपं आणि सावली

विहिरीवर बारमाही भाजी असेल तर हाच मार्ग उरतो. उगवलेला लव्हाळा महिन्याभरात नव्या गाठी धरू लागतो, म्हणून दर 12 ते 15 दिवसांनी, चार-पाच पानांच्या आतच तो निघाला पाहिजे. जुनी गाठ कोंब देऊन देऊन थकते. याला किमान दोन हंगाम लागतात. मधे एक महिना खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

खुरप्याला सावलीची जोड द्या, लव्हाळ्याला सावली अजिबात मानवत नाही. जूनमध्ये एकरी 20 ते 25 किलो ताग दाट पेरा आणि 45 ते 50 दिवसांनी, फुलावर येताना गाडा. ताग नको असेल तर चवळी किंवा रताळं घ्या. लव्हाळ्याच्या रानात कांदा मात्र लावू नका. कांद्याची पात सावली देत नाही आणि दाट लावणीत खुरपं नीट फिरत नाही.

तणनाशक

भाजीच्या रानात औषधाला वाव फार थोडा आहे. कांद्यात हरळीसारख्या गवतांसाठी क्विझालोफॉप इथाइल 5 टक्के ईसी, एकरी 300 ते 400 मिली, लेबलवर आहे, म्हणजे या पिकासाठी मान्य आहे. गवत कोवळं आणि जमिनीत ओल असतानाच ते लागू पडतं. हरळी मागे हटते, पण काशांसकट मरत नाही. लव्हाळा गवत नाही, त्यामुळे त्याला हे औषध काहीच करत नाही. इथे पैसे वाया गेलेले पुष्कळ सापडतील.

लव्हाळ्यावर हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल 75 टक्के (एकरी 36 ग्रॅम) चांगलं काम करतं, पण त्याचं लेबल ऊस आणि मक्यासाठी आहे. अंश जमिनीत टिकतो, आणि कांदा, पालक, बीट, कोबी ही पिकं त्याला हळवी. रान लव्हाळ्याने भरलेलंच असेल तर एक हंगाम मका घेऊन तिथे ते वापरा, आणि पुढचं पीक लेबल वाचूनच ठरवा.

ग्लायफोसेटला भाजीसाठी मान्यता नाही. ऑक्टोबर 2022 च्या केंद्राच्या अधिसूचनेने त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला. शिवाय उन्हाने सुकलेल्या हरळीवर ते मुळांपर्यंत उतरत नाही, आणि बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियमने त्याचा जोर कमी होतो.

कोणताही मार्ग धरा, बांध विसरू नका. हरळी तिथूनच रांगत येते. बांधाच्या कडेने वीतभर रुंद, फूटभर खोल चर काढा आणि त्यात डोकावणाऱ्या काशा महिन्यातून एकदा कुदळीने तोडा. तलावातला गाळ आणणार असाल, तर तो थेट पसरू नका. त्यातून लव्हाळ्याच्या गाठी येतात. ढीग कडेला लावा, वरचा थर विस्कटून पाणी मारा आणि तीन आठवडे थांबा. तीनधारी कोंब दिसले, तर तो गाळ भाजीच्या रानात घालू नका.