९.९ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, आठ महिने तेरेखोलच्या खाडीत: मशीन तापत का होतं?

चतुर्थी झाली आणि सप्टेंबरमध्ये हे होडीच्या मागे बाहेरून लावायचं मशीन घेतलं. टू-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं. होडी अठरा फुटी फायबरची. वापर म्हणाल तर आठवड्यातून तीन-चार दिवस केरीहून आत तेरेखोल नदीत, गळ टाकून तांबोशी-चणकासाठी, आणि समुद्र शांत असला तर मुखाबाहेर थोडंसं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे रडगाणं गाणार आहे त्यातलं बरंचसं माझंच पाप आहे.

चांगलं आधी. दोरी दुसऱ्या ओढीला चालू होतं, चाळीस किलोच्या आसपास वजन असल्यामुळे दोघांनी उचलून घरी नेता येतं. पेट्रोल पितं, ते टू-स्ट्रोक पिणारच. पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल लिटरला २० मिली, म्हणजे पन्नासास एक. यात काटकसर करू नका, ऑइल कमी पडलं तरी मशीन तापतं.

आता तापण्याची गोष्ट. मशीन थंड करायला पंपाने ओढलेल्या पाण्यातलं थोडं मागून धारेने बाहेर पडतं, पहिल्यांदा नोव्हेंबरमध्ये ती धार बारीक झाली. पंख्याच्या वर, पाणी आत घेणाऱ्या जाळीवर दुधाची पिशवी चिकटली होती. काढली, संपलं. दुसऱ्यांदा धार अजिबातच येईना. चार दिवस मशीन पडवीत उभं होतं, तेवढ्यात कुंभारीण माशीने धारेच्या भोकात मातीचं घर बांधलं होतं! जाड तंगूस (गळाची नायलॉन दोरी) आत-बाहेर केला, माती पडली, धार परत सुरू. अशा वेळी इंजिन लगेच बंद करावं. पाणी न मिळता पंप फिरला की आतलं रबरी चक्र, म्हणजे इम्पेलर, मिनिटाभरातही जळू शकतं.

तिसरी वेळ फेब्रुवारीतली, आणि तीच खरी. धार जोरात, करंगळीएवढी. तरी वीस मिनिटांनी ताकद उतरायची, जळक्या रंगाचा वास यायचा. या मॉडेलला तापल्याचा भोंगा नाही, ही माझी मोठी तक्रार. ज्याच्याकडून घेतलं त्याला फोन केला तर म्हणाला, "पाणी मारतंय ना? मग काही नाही." इम्पेलर बदलून बघा, असाही सल्ला दिला. तो भाग यायला तीन आठवडे लागले. खालचा भाग उतरवून बघतो तर जुन्या इम्पेलरच्या सगळ्या पाकळ्या शाबूत. नवा बसवला, ताप तस्साच.

शेजारचे आबा आयुष्यभर रापणीवर आणि होडीवर गेलेले. ते आले, वरचं झाकण काढायला लावलं आणि म्हणाले, "मुतता ता दिसता, पण डोक्याक हात लावून बघलंस?" मी मशीनच्या डोक्यावर, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या भागावर, बोटाने पाण्याचा थेंब टाकला. चर्र झालं. आबांचं म्हणणं एवढंच की धार पंपाबद्दल सांगते, डोक्याबद्दल नाही. माझ्या मशीनमध्ये धारेचं पाणी थर्मोस्टॅटच्या, म्हणजे मशीन तापल्यावरच डोक्यातलं पाणी वाहू देणाऱ्या झडपेच्या, आधीच फुटून बाहेर येतं. पुढची वाट बंद असली तरी मागे कारंजं चालूच.

थर्मोस्टॅटच्या झाकणाला तीन बोल्ट. दोन निघाले, तिसरा खारवून मानेतच तुटला. म्हापशाच्या लेथवाल्याने तो काढून दिला, पण एक दिवस आणि माझं डोकं दोन्ही गेलं. (परत लावताना तिन्हींना मरीन ग्रीस फासलं. हे पहिल्याच दिवशी करायचं होतं.) आत पाहिलं तर वाटाण्याच्या सालीएवढा मिठाचा पांढरा-करडा थर. थर्मोस्टॅटवर ५२ अंश कोरलेलं. दोऱ्याला बांधून टोपातल्या पाण्यात बुडाला न टेकवता लोंबकळत ठेवला आणि गॅस लावला. ५२ ला उघडायला हवा. पाणी उकळलं तरी हलला नाही. रात्रभर माडाच्या व्हिनेगरमध्ये ठेवल्यावर उघडला, पण रडत-कुढत, म्हणून नवाच घातला. टोप आता स्वयंपाकघरातून माझ्याकडे कायमचा आलाय.

मीठ साचलं कसं, तर मी रोज मशीन धूत होतो, हे खरं, पण दोनच मिनिटं. डिलरनेच तसं सांगितलं होतं. मशीन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो, म्हणजे गोडं पाणी डोक्यापर्यंत पोचतच नव्हतं. खारं पाणी आतच सुकत होतं. आता २०० लिटरच्या पिंपात मशीन पंपाच्या वर पाणी येईल इतकं बुडवतो, गिअर न घालता मंद चालवतो, आणि डोकं हाताला कोमट लागल्यावर पुढे पाच मिनिटं. एकूण दहा-बारा मिनिटं जातात. विहिरीचं पाणी बरंच लागतं, आई कुरकुरते.

मार्चपासून एकदाही तापलं नाही. ओहोटीला मुखापाशी वाळूत पंखा घासला होता, म्हणून त्यानंतर इम्पेलर पुन्हा उघडून बघितला. पंपाच्या भांड्यावर बारीक चरे होते, बाकी ठीक. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंतची मासेमारीबंदी लागली की मशीन उभंच टांगणार, आणि या वेळी धारेच्या भोकात कापडाची चिंधी.