मृत्युंजय, युगान्त की पर्व? महाभारत नेमकं कुठून वाचायला घ्यावं

महाभारत वाचायचंय म्हटलं की जो तो एकच नाव सांगतो, मृत्युंजय. सल्ला वाईट नाहीये, पण आधी तुम्हाला महाभारत हवंय की कर्ण हवाय ते ठरवा.

शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ ची. कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, भाऊ शोण, कृष्ण असे सगळे आपापल्या तोंडून सांगतात, भाषा एकदम भरजरी. कॉलेजात असताना घेतलं तर जेवायला पण उठणार नाही, चाळिशीत घेतलं तर सूर्याची वर्णनं थोडी उडवावीशी वाटतात. (मी उडवली.) रणजित देसाईंचं राधेय पण कर्णाच्याच बाजूचं, पण आटोपशीर, एवढं जाड पुस्तक झेपणार नसेल तर ते घ्या.

आता युगान्त. इरावती कर्व्यांचं हे पुस्तक कादंबरी नाहीये, एकेका व्यक्तीवरचे लेख आहेत आणि आधार भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीचा (म्हणजे जुनी हस्तलिखितं ताडून ठरवलेला संस्कृत पाठ), त्यामुळे इथला कर्ण वाचून मृत्युंजयवाले चिडतातच. पण संस्कृत ग्रंथात जे आहे ते आहे ना, द्यूतसभेत द्रौपदीची वस्त्रं काढा म्हणणारा कर्णच आहे, घोषयात्रेत (कौरव गुरं बघायला वनात जातात तो प्रसंग) गंधर्वांपुढे रथ मोडल्यावर दुर्योधनाला तिथेच सोडून निघून जाणारा पण तोच, आणि ‘मी सूताला वरणार नाही’ हे स्वयंवरातलं द्रौपदीचं फेमस वाक्य तर चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाहीच, तळटिपेत गेलंय. अर्थात उद्योगपर्वात हाच कर्ण कृष्णाला सांगतो की दुर्योधनाला खूश करायला मी पांडवांना कडू बोललो, त्याचा मला आता पश्चात्ताप होतोय, म्हणजे मूळचा कर्णही काही सरळसोट खलनायक नाही, आणि मला तर तो कादंबरीतल्या कर्णापेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटतो. बाईंची अजून एक गोष्ट आवडते, शेवटी द्रौपदीच्या मरणाचा प्रसंग त्या स्वतःच्या कल्पनेने लिहितात पण इथून पुढचं माझं हे उघड सांगून. विदुर आणि युधिष्ठिर बापलेक असतील का, हा प्रश्नही तिथेच भेटेल.

पर्व हे भैरप्पांचं, मूळ कन्नड, मराठीत उमा कुलकर्णींनी आणलंय. यात शाप नाही, वर नाही, चमत्कार तर अजिबात नाही, नुसती माणसं, त्यांचं म्हातारपण, वंश चालवायची धडपड आणि युद्धावर आलेल्या लाखो लोकांच्या खाण्यापिण्याची आणि घाणीची सोय. कुरुक्षेत्राची दुर्गंधी येते अक्षरशः. सुरुवात मद्र देशात शल्याच्या घरी होते आणि कोण कुणाचा कोण हे आधी माहीत नसेल तर पन्नास पानांत गळाल, म्हणून पर्व पहिलं नकोच.

कथा लहानपणापासून ऐकून माहीत असेल तर सरळ युगान्त घ्या, छोटं आहे, एकेक लेख सुटा वाचला तरी चालतो. मृत्युंजय नंतर वाचलं तरी रडू यायचं ते येतंच. शाळकरी मुलांसाठी घेत असाल तर पर्व मात्र घरी आणू नका, नियोगाचे (नवऱ्याऐवजी दुसऱ्या पुरुषाकडून मूल होऊ देण्याचे) प्रसंग त्यात आडपडदा न ठेवता लिहिलेत.