हँड ग्रिपर (५ ते ६० किलो): आईसाठी घेतला, तीन महिने वापरून लिहितोय

आम्ही बेळगावातल्या अनगोळचे, आई ७२ ची. आधी कुकरचं झाकण तिला लागेना, मग लोणच्याची बरणी उघडायला माझ्याकडं यायला लागली, आणि एकदा सिटी बसमध्ये दांडी हातातनं सुटून पडता पडता वाचली तेव्हा कुठं माझं डोकं जागेवर आलं. लगेच खडेबाजारातनं २८० रुपयांचा हा मुठीत धरून दाबायचा स्प्रिंगचा ग्रिपर आणला, नॉब फिरवून जोर कमीजास्त करायचा तो.

पहिले पंधरा दिवस फुकट गेले. ५ वर ठेवला तरी आईला पूर्ण दाबता येईना, "हे मला जमना रे, ठेव की तिकडं" म्हणायची. दोन दांड्यांमधलं अंतरच एवढं आहे की लहान हाताच्या बाईची बोटं नीट पोचत नाहीत. प्लास्टिकचं हँडल घामानं सरकतं, मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. घाईनं नॉब वाढवला तर अंगठ्याच्या बुडाशी दुखायला लागलं, आठवडाभर बंद. बदलून द्या म्हटलं तर दुकानवाला तयार नाही.

मग टिळकवाडीत फिजिओ मॅडमकडं नेलं. डायनामोमीटरवर, म्हणजे मुठीचा जोर मोजायच्या यंत्रावर, उजव्या हाताचा जोर भरला १३ किलो. आशियाई लोकांसाठी २०१९ ला ठरलेल्या निकषात बायकांना १८ आणि पुरुषांना २८ च्या खाली म्हणजे ताकद कमी. नंतर खुर्चीतनं ५ वेळा उठबस करायला लावली, १२ सेकंदांच्या आत व्हायला पाहिजे, आईला १७ लागले. म्हणजे सगळ्या अंगातलंच बळ उतरलेलं, हातानं ते आधी दाखवलं एवढंच, आणि मी नुसती बोटं दाबत बसलेलो. असं बळ उतरण्याला सार्कोपेनिया म्हणतात, म्हातारपणी स्नायू झिजतात आणि जोर जातो.

त्यांनी ग्रिपर बाजूला ठेवायला लावला. आधी स्पंजचा बॉल, ओला नॅपकिन पिळणं, रोज खुर्चीची उठबस, आणि खाण्यात प्रोटीन, वजनाच्या किलोमागं निदान १ ग्रॅम. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच वाढवा. आईचं जेवण म्हणजे भात-आमटी नाहीतर भाकरी-भाजी, आता दोन्ही वेळेला उसळ आणि वाटीभर दही असतंय. सहा आठवड्यांनी ग्रिपर परत हातात दिला तेव्हा ५ वर दहा वेळा दाबला. परवा हाताचा जोर परत मोजला तर १६ किलो आला.

५ पैकी ३ स्टार. तरण्या माणसाला ठीक आहे, पण सत्तरीच्या आईवडिलांना घेणार असाल तर आधी बॉल घ्या आणि एकदा हाताचा जोर मोजून घ्या, नॉबवरचा आकडा धरून चालू नका. बोटांना मुंग्या येत असतील किंवा सांधे सुजले असतील तर आधी डॉक्टर. आणि एकाच बाजूचा हात अचानक ढिला पडला, तोंड वाकडं झालं, तर घरात थांबूच नका, तडक मोठ्या दवाखान्यात न्या, तो लकवा असू शकतो.