नांदेड विमानतळ ते लातूर विमानतळ : भाड्याच्या गाडीचा अनुभव
नकाशावर सरळ रेषेत ही दोन विमानतळे जेमतेम सव्वाशे किलोमीटर अंतरावर आहेत, आणि एटीआरसारखे लहान विमान हे अंतर अर्ध्या तासात कापू शकते. परंतु लातूरला नियमित प्रवासी विमानसेवा नसल्याने नांदेडला उतरलेल्या प्रवाशाला लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ताच धरावा लागतो. नोंदणी करताना नांदेडच्या एका गाडीसेवेने सांगितलेले अडीच तास लातूर शहरापुरतेच ठीक आहेत, कारण विमानतळ शहराबाहेर बार्शी रस्त्याच्या बाजूला असून शहर ओलांडण्यातच बराच वेळ जातो. त्यात उसाचा हंगाम असेल तर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, मागे दिवा नसलेले ट्रॅक्टर रात्री अगदी जवळ गेल्यावरच दिसतात. चालक मात्र सावध होता. अशा प्रत्येक ट्रॅक्टरमागे त्याने वेग उतरवला आणि समोरचा रस्ता मोकळा दिसल्याखेरीज गाडी पुढे काढली नाही. गाडी स्वच्छ होती, वातानुकूलनही व्यवस्थित होते. खटकले ते एवढेच, की रिकाम्या परतीचे भाडे उतरल्यावर मागण्यात आले. ते आधीच लेखी ठरवून घ्यावे आणि हाताशी साडेतीन तास ठेवावेत.