कॅल्क्युलिक्स: फुकट आहे, पण लाड करत नाही

सॉलिड मेकॅनिक्समध्ये (भार आला की घन वस्तू कशा वाकतात-ताणतात, त्याच्या शास्त्रात) रिसर्च करायचाय आणि महागड्या सॉफ्टवेअरचं लायसन्स परवडत नाही, तर कॅल्क्युलिक्स हे फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअर (वस्तूचे छोटे तुकडे पाडून गणित करणारं) बिनधास्त घ्या. एमटीयू एरो इंजिन्समधल्या दोघांनी लिहिलेलं, जीपीएल या मुक्त लायसन्सखाली मोफत, आणि इनपुट फाइल बरीचशी अबॅकस (Abaqus) या याच कामाच्या विकतच्या सॉफ्टवेअरसारखीच, त्यामुळे ते येत असेल तर निम्मं काम झालंच. प्लास्टिसिटी (कायमचं वाकणं), क्रीप (भाराखाली हळूहळू ताणत जाणं), रबरासाठी नियो-हुक, ऑग्डेन ही मॉडेल्स, सगळं आहे. पण खरी मजा यूमॅटमध्ये, म्हणजे आपलं स्वतःचं मटेरियल मॉडेल फोर्ट्रानमध्ये लिहून जोडता येतं, फक्त प्रोग्राम परत कंपाइल करावा लागतो आणि टँजंट (स्ट्रेन बदलला की स्ट्रेस किती बदलतो ते) चुकला की न्यूटनच्या पद्धतीची, उत्तराकडे टप्प्याटप्प्याने नेणारी इटरेशन्स रडतखडत चालतात, कधी चालतच नाहीत.

युनिट्स ते विचारतच नाही, एकमेकांशी जुळणारी आपणच धरायची! मिमी-न्यूटन धरलं की स्टीलची डेन्सिटी ७.८५ × १०⁻⁹ टन प्रति घन मिमी द्यायची. टेन्साइल टेस्टचा (नमुना ताणून बघायच्या चाचणीचा) आकडा तसाच टाकू नका, ट्रू स्ट्रेस (ताणताना बदललेल्या क्षेत्रफळावरचा) आणि प्लास्टिक स्ट्रेन (कायमचा राहणारा भाग) काढून द्या, पहिल्या ओळीत स्ट्रेन शून्य.

इंटरफेस मात्र जुनाट, म्हणून मेश, म्हणजे वस्तूचे छोटे तुकडे, प्रीपोमॅक्स या वेगळ्या प्रोग्राममध्ये करा. पेपरसाठी निकालांची चित्रं काढायला मी पॅराव्ह्यू हा प्रोग्रामच वापरते. पाचपैकी चार.