एअर जॉर्डन १: खेळायला नको, बाकी कुठेही चालेल

कोर्टवर खेळायला हवा असेल तर हा बूट घेऊ नका, हे आधीच सांगून टाकते. मी बरीच वर्षं बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्ड म्हणून खेळले, आता मुलींना शिकवते, आणि दर सीझनला एखादी तरी विचारतेच, "ताई, जॉर्डन घेऊ का?" जॉर्डनचे बूट तीसहून जास्त मॉडेल्समध्ये निघालेत, पण तिच्या डोळ्यांसमोर असतो तो हाच. पहिला. घोट्यापर्यंत चढणारा, पांढरा-लाल-काळा.

माझ्याकडचा जोड 'शिकागो' रंगाचा, २०२२ साली निघालेल्या 'लॉस्ट अँड फाउंड' आवृत्तीतला. किंमत तेव्हा १८० डॉलर होती. १९८५ साली हाच बूट पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा ६५ डॉलरला होता, आणि तेव्हा ते महाग वाटत होते.

नाटक खोक्यापासूनच सुरू होतं. झाकण एका खोक्याचं आणि तळ दुसऱ्याचा, असं मुद्दाम केलंय. आत जुन्या धाटणीची छापील पावती. बुटाच्या गळ्याशी काळ्या लेदरला भेगा पडल्यासारख्या दिसतात, पांढरा सोल पिवळट पडल्यासारखा. जणू हा जोड १९८५ पासून एखाद्या दुकानाच्या माळ्यावर पडून होता आणि आवराआवर करताना सापडला. कारखान्यातूनच म्हातारा होऊन आलेला बूट! मला आधी हसू आलं, पण पायात घालून आरशासमोर उभी राहिले तेव्हा मान्य करावं लागलं, की दिसतो झकास. पीटर मूर या डिझायनरनं केलेली ती रंगांची वाटणी आज चाळीस वर्षांनीही जुनी वाटत नाही. घोट्यावरचा पंख फुटलेला चेंडू तर मला त्या नंतरच्या, उडी मारणाऱ्या माणसाच्या लोगोपेक्षा जास्त आवडतो.

आता कोर्टवर. नावात 'एअर' असलं तरी हवेची पिशवी फक्त टाचेत आहे, तीही सोलच्या आत बंद, त्यामुळे पायाला तिचा पत्ता लागत नाही. चवड्याखाली जवळजवळ थेट रबर. याचा एक फायदा असा की जमीन नीट कळते. पिव्होट करताना, म्हणजे एक पाय रोवून वळताना, चवड्याखालची गोल नक्षी छान साथ देते, लाकडी कोर्टवर पकडही बरी. पण लेअप मारून, म्हणजे बास्केटजवळ उडी घेऊन चेंडू टाकून, खाली आलात की तो दणका गुडघ्यापर्यंत जातो. आणि उंच गळ्यामुळे घोटा सुरक्षित राहतो या भ्रमात राहू नका. लेस वरपर्यंत घट्ट ओढली तर थोडा आधार मिळतो, मुरगळणारा पाय त्यानं थांबत नाही. हा या बुटाचा दोष म्हणता येणार नाही. १९८५ साली चांगला बूट असाच असायचा. सरावाला मी माझे नेहमीचे शूज घालते, हा घालून कोर्टच्या कडेला उभी राहते.

मग मनात येतं, या बुटाच्या दिवसांत शिकागो बुल्सच्या मायकल जॉर्डननं काय काय केलं! पहिल्या सीझनला, १९८४-८५ मध्ये, तो सगळेच्या सगळे ८२ सामने खेळला आणि सरासरी २८.२ गुण काढले. दुसऱ्या सीझनच्या तिसऱ्याच सामन्यात डाव्या पायाचं हाड मोडलं (त्याचं खापर बुटावर फोडायचं कारण नाही), ६४ सामने बाहेर बसला. क्लबचं म्हणणं होतं, यंदा विश्रांती घे. हा पठ्ठ्या मार्चमध्ये परत आला आणि २० एप्रिल १९८६ ला बॉस्टन गार्डनमध्ये सेल्टिक्सविरुद्ध ६३ गुण केले. प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझनअखेरच्या बाद फेऱ्यांत, एका सामन्यात इतके गुण अजून कुणी केलेले नाहीत. शिकागो बुल्स तो सामना दोन ओव्हरटाइमनंतर हरले, मालिकाही तीन-शून्यनं गेली, तरी सेल्टिक्सचा लॅरी बर्ड म्हणाला की मायकल जॉर्डनच्या वेषात देवच खेळत होता. हाड मोडून उठलेला पाय, आणि खाली हाच कडक सोल.

पण इथे माझ्या पोरींचा एक गोंधळ मी नेहमी सोडवते. त्याच्या सहा विजेतेपदांपैकी एकाही वेळी हा बूट त्याच्या पायात नव्हता. १९९१, ९२, ९३ आणि मग १९९६, ९७, ९८, सगळी नंतरच्या मॉडेल्समध्ये. फ्री थ्रो लाइनवरून घेतलेली १९८८ ची ती उडी तिसऱ्या मॉडेलमधली. टिंकर हॅटफील्ड या डिझायनरनं केलेलं, टाचेतली हवा बाहेरून दिसणारं. १९८९ मध्ये क्लीव्हलंडच्या क्रेग इलोच्या डोक्यावरून मारलेला तो शॉट चौथ्यातला. १४ जून १९९८ ला युटामध्ये ५.२ सेकंद उरलेले असताना बुल्ससाठी मारलेला शेवटचा, चौदाव्यातला. म्हणजे पोस्टरवर जो जॉर्डन आहे तो या बुटातला नाही. या बुटातला जॉर्डन बाविशी-तेविशीतला, भरपूर गुण करणारा आणि प्लेऑफच्या पहिल्या फेरीतच घरी जाणारा. मला तोच जवळचा वाटतो.

एकदाच तो या बुटाकडे परत आला. ८ मार्च १९९८, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. बुल्सतर्फे इथला हा आपला शेवटचा सामना असेल असं वाटून पस्तिशीतल्या जॉर्डननं तेरा वर्षांपूर्वीचा मूळ जोड काढून घातला. बूट तंग होत होते. मध्यंतरापर्यंत पाय ठणकायला लागले, पण खेळ इतका रंगला होता की तो बदलायला तयार होईना. बुल्स १०२-८९ नं जिंकले, याचे ४२ गुण, आणि सामन्यानंतर मोजे रक्तानं भिजलेले. खेळायला घ्यायचा विचार असेल तर याहून प्रामाणिक परीक्षण तुम्हाला कुठे मिळणार?

लीगनं या बुटावर बंदी घातली होती, या गोष्टीवर भाळून घेत असाल तर तेही ऐका. फेब्रुवारी १९८५ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या लीगनं बूट बनवणाऱ्या नाइकीला पत्र पाठवलं, की लाल-काळे बूट नियमात बसत नाहीत. हे खरं. पण ज्या बुटांवरून हे घडलं ते बहुधा 'एअर शिप' हे नाइकीचं आधीचंच मॉडेल होतं. कंपनीनं मात्र जाहिरात केली ती याची: बुटांवर काळ्या पट्ट्या, आणि लीग तुम्हाला घालण्यापासून अडवू शकत नाही अशा अर्थाचा आवाज. पहिल्या वर्षात १० कोटी डॉलरहून जास्त विक्री झाली. जाहिरात कशी करावी याचा हा धडाच, खेळाशी त्याचा संबंध जेमतेम.

गंमत म्हणजे स्वतः जॉर्डनला नाइकी नकोच होती. त्याला आदिदास हवे होते. आई डेलोरिस हट्टाला पेटली नसती तर तो ओरेगनला, नाइकीच्या मुख्यालयात, बोलणी करायला गेलाच नसता. आणि त्याच ओरेगनमधल्या पोर्टलंड संघानं १९८४ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू पाळीपाळीनं निवडतात तो कार्यक्रम) दुसऱ्या क्रमांकावर त्याला सोडून सॅम बोवीला घेतलं होतं. गावच्या संघानं हातचा घालवला, गावच्या बूटवाल्यांनी काही महिन्यांत पकडला. १९९२ च्या फायनलमध्ये त्यानं पोर्टलंडविरुद्ध पहिल्याच सामन्याच्या पहिल्या अर्ध्यात ३५ गुण काढून ते व्याजासकट वसूल केलं, तो भाग वेगळा.

तर, रोज घालून हिंडायला हवा असेल, लेदर आवडत असेल, तर घ्या. लेदर पहिले काही दिवस कडक लागतं, मग पायाचा आकार घेतं. पाय रुंद असेल तर अर्धा नंबर मोठा घ्या. लेस वरच्या दोन भोकांत ओवू नका, चालताना घोट्याला टोचणार नाही. आणि 'मिड' नावाचा थोडा बुटका प्रकार स्वस्तात दिसतो, त्यात मूळचा बांधा नाही, घेण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून बघा. सरावाला येताना मात्र पिशवीत दुसरे शूज हवेत, नाहीतर मी कोर्टवर उतरू देत नाही.